कुपवाडच्या वहीत युरोप

मगदूम शेटनी सांगितलं, तक्ता करा.
वीस वर्षांचा. कुठल्या देशानं कागद कुणाला विकला,
पुठ्ठा किती, आपल्याला रीळ कुठलं परवडंल.
मी वही उघडली. दुपारी दोनला कुपवाडची लाइट जाते,
मशीन थांबतं,
खळीचा वास तेवढा चालू राहतो.

डावीकडं नावं लिहिली :
स्वीडन, फिनलंड, जर्मनी, ऑस्ट्रिया, पोर्तुगाल.
मी मिरज सोडून पुण्याला गेलोय, आणि एकदा हुबळीला.
पण यांच्या रिळांच्या कडा
रोज तळहातानं तपासल्यात.
फिनलंडचा कागद फाडताना लांब ओरडतो.
तिथली झाडं थंडीत सावकाश वाढतात म्हणे,
धागा लांब राहतो.
पोर्तुगालचा मऊ, निलगिरीचा.
वास येत नाही. नाकाला लावून बघितलाय.

वर्तमानपत्राच्या कागदाचा रकाना
सुरुवातीला ऐसपैस,
मग दरवर्षी धुऊन आटलेल्या सदऱ्यासारखा.
फिनलंड पाठवायचा, जर्मनी वाचायचा.
पुढं वाचणं कमी झालं, की वाचायची जागा बदलली,
तक्ता कारण सांगत नाही.
शेजारी पुठ्ठ्याचा रकाना मात्र फुगत गेलेला.
'लोक वाचायचं सोडून वस्तू मागवायला लागले'
असं मी पेन्सिलीनं कडेला लिहिलं,
आणि शेटना दिसायच्या आत खोडलं.

एक गंमत : जर्मनी ऑस्ट्रियाला पुठ्ठा विकतो
आणि ऑस्ट्रिया जर्मनीला.
मग दोघांनी घरचाच का वापरू नये?
शमशाद मुल्ला हसली. म्हणाली,
ईदला आमच्या गल्लीत शिरखुर्म्याचे डबे असंच फिरत्यात ओ.
कुणाचा कुणाकडं, ते झाकणावरच्या नावावरनंच कळतं.

शमशाद मागच्या शेडात रद्दीवर असते.
परदेशातनं तारेनं आवळलेले गठ्ठे येतात,
त्यातनं ती पिना, चिकटपट्ट्या, प्लॅस्टिक वेचते,
उरलेल्याचा लगदा होतो.
पाच-सहा भाषा तिच्या बोटांखालनं जातात,
एकही तिला थांबवत नाही.

त्या दिवशी ती थांबली.
एक पाख घेऊन माझ्या टेबलाशी आली.
द्राक्षाचा घड, निम्मा पुसलेला. खाली 'तास' एवढंच,
'गाव' पाण्यानं गेलेलं.
आणि हवेसाठी पाडलेल्या भोकाचा डावा कोपरा तुटका.

तो कोपरा आमच्याच पंचाचा.
मिरजेला दुरुस्तीला न्यायचा न्यायचा म्हणून
सहा वर्षं राहिलाय.

कागद स्वीडनचा, खोका आमचा, द्राक्षं तासगावची,
खाल्ली कुणी तरी तिकडं.
आता हे आयातीत धरू की निर्यातीत?
शेट चष्म्यावरनं बघून म्हणाले,
वजनात धरा.

मी काट्यावर ठेवलं. एकशेऐंशी ग्रॅम.
सगळ्या देशांच्या खाली एक ओळ आखली, 'इतर',
आणि लिहिलं.
बेरीज आता जुळणार नाही, ते माहीत होतं.

शमशादनं पाख परत मागितला.
म्हणाली, डबा ठेवायला बरा हाय, जाड हाय.
लाइट आली.
पलीकडं पंच पुन्हा आपटायला लागला,
तसाच, तुटक्या कोपऱ्यानं.