घट्ट झाकणाची बादली

बादली मीच दिली होती.
दवाखान्यातली, पांढरी,
जंतुनाशकाची पावडर संपल्यावर उरलेली.
दोनदा कढत पाण्याने धुतली,
पायरीवर पालथी घालून वाळवली
आणि वासिलीला म्हटलं, घे,
माशांच्या डोक्यांना होईल.

त्याची आई खड्डा खणायची.
कुस्कोक्विमच्या काठी, गार मातीत, कोपरभर खोल.
तळाला गवत, कडेला गवत,
मध्ये सॅल्मनची डोकी,
वर पुन्हा गवत.
जमीन आपल्या चालीने श्वास घ्यायची
आणि डोकी मुरत राहायची.
परक्याने नाक दाबावं असा वास,
आम्हाला मात्र पाहुणे येणार असं सांगणारा.
तेपा म्हणतो आम्ही त्याला.

वासिलीचे गुडघे आता खणू देत नाहीत.
त्याने बादली भरली, झाकण दाबलं.
टक् झालं.
छान बसलं, म्हणाला,
आणि लवकर व्हावं म्हणून स्टोव्हमागे ठेवली, उबेला.

धुतली होती मी ती बादली.
बी आली माशाबरोबर,
नदीच्या गाळातली, कल्ल्यात अडकलेली,
डोळ्यांना न दिसणारी.
तिला वारा सोसत नाही.
वारा असेतो ती कवच ओढून पडून राहते,
वर्षानुवर्षं, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
वारा बंद झाला, ऊब लागली, खायला मिळालं,
एवढंच तिला कळतं
आणि ती जागी होते.
ती कुणाच्या जिवावर उठलेली नसते.
विष हा तिच्या पोट भरण्यातला सांडलवंड भाग.

दहा मिनिटं उकळलं असतं तर तेही मेलं असतं.
पण तेपा कोण उकळतो?

दुसऱ्या दिवशी रेडिओवर नास्ताशिया, त्याची नात:
आजोबांना दोन स्टोव्ह दिसतायत.

मी पळत गेले.
ताप नव्हता. नाडी शहाण्यासारखी चालली होती.
तोंड कोरडं ठाक, पापण्या अर्ध्यावर,
आवाज नाकातून, मडक्यात बोलल्यासारखा.
हस बरं, मी म्हटलं.
तो हसला नाही.
क्षणभर मला वाटलं, रुसलाय.

आमच्या प्रशिक्षणात फळ्यावर चित्र काढलं होतं:
मज्जातंतूच्या टोकाला निरोपाच्या इवल्या पिशव्या,
त्यांना दारापर्यंत ओढणारे दोर.
हे विष दोर कापतं. बाकी कशाला हात लावत नाही.
मेंदू म्हणतो, गिळ. म्हणतो, बघ. म्हणतो, श्वास घे.
निरोप निघतो, उंबऱ्याशी येतो,
आणि तिथेच थांबतो.
आधी डोळे, मग घसा, मग मान, मग हात,
वरून खाली, घरातले दिवे एकेक करून मालवावेत तसं.
आत मात्र माणूस टक्क जागा.

धुकं होतं. बेथेलचं विमान बेथेललाच.
प्रतिविष त्या विमानात, बर्फाच्या डब्यात.
मोकळं फिरणारं विष ते पकडतं,
कापलेले दोर जोडत नाही,
म्हणून प्रत्येक मिनिट मला ऐकू येत होतं.
मी त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत बसले.
त्याचं एक बोट अजून हलत होतं.
ठरवलं: एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.
दुखतंय? दोनदा.
ऐकू येतंय? एकदा.
मग मी कानाशी वाकून म्हटलं,
बादली मी दिली होती.

बोट एकदा हललं.

अँकरेजला नऊ आठवडे यंत्र त्याच्यासाठी श्वास घेत होतं.
तंतूंना नवे कोंब फुटतात म्हणे, वाळुंजासारखे, कापलेल्याच्या शेजारून.
पहिल्यांदा डावी भुवई हलली.
नास्ताशियाने फोन केला आणि भुवईबद्दलच बोलत राहिली.

या उन्हाळ्यात तो काठावर स्टुलावर बसला होता.
नास्ताशिया खणत होती, मी गवत उपटत होते.
अजून खोल, तो म्हणाला,
जरा नाकातून, पण स्पष्ट.
बादली प्रयोगशाळेने नेली, परत आली नाही.

एकदा म्हणजे हो.
कशाला हो, ते मी अजून विचारलेलं नाही.