चार-दहाचं ऊन

ला पाझमध्ये ऊन म्हणजे जागा असते.
या फरशीवर चटका, पुढच्या फरशीवर काकडा.
म्हाताऱ्या उन्हाच्या बाजूने चढ चढतात,
कुत्री उन्हाच्या बाजूला झोपतात,
आणि मी, एउलालिया, सावलीत उभी,
बोटं काखेत खुपसून,
कॅमेरा गळ्यात, गोठलेल्या बेडकासारखा.

चार वाजून दहा मिनिटांनी
बँक आणि बंद पडलेलं थिएटर यांच्या फटीतून
एक पट्टी रस्त्यावर उतरते.
रुंदी दोन हात.
आठ मिनिटं टिकते. जूनमध्ये सहा.

डॉन सेवेरो रंगांना नाक मुरडायचे.
त्यांच्या अंधाऱ्या खोलीत अकरा वर्षं
मी काळं-पांढरं धुतलं, वाळत घातलं.
"रंग म्हणजे बाजारबुणगे," ते म्हणायचे,
"लढतो तो प्रकाश. हे नुसते मागून येतात, लुटायला."
ते गेले त्या महिन्यात
मी पहिला रंगीत रोल भरला,
दार लावून,
जणू जिन्यावर त्यांचा खोकला ऐकू येईल.

अर्धं खरं होतं त्यांचं.
सावलीतला लाल मुकाच असतो,
वाळलेल्या डाळिंबाची साल.
पण एखादी बाई मक्याचं पोतं घेऊन पट्टीत पाऊल टाकते
आणि तिच्या घेरदार घागऱ्याच्या
पाचही थरांतून गुलबक्षी एकदम बोलायला लागते.
दुसऱ्या पावलाला गप्प.
मधला तो क्षण
मी बहुतेक वेळा चुकवते.

वरून केबल कारच्या पेट्या जातात,
दर बारा सेकंदांनी एक.
पट्टीवरून त्यांची सावली सरकते,
कुणीतरी पाटी पुसल्यासारखी.

इथली बूटपॉलिशवाली पोरं
तोंडावर लोकरी मुखवटा चढवतात,
डोळ्यांपुरती भोकं ठेवून.
शेजारपाजाऱ्यांनी ओळखू नये,
वर्गातल्या मुलीनं तर मुळीच नाही.
बहुतेकांचे काळे, राखाडी.
एकाचा मोरपिशी.

आज त्यानं आपली पेटी बरोबर पट्टीत मांडली.
मागे थिएटरची हळदी भिंत,
अर्धी उन्हात, अर्धी काजळात,
आणि मधोमध तो मोरपिशी, पेटलेला.
इतकं आयतं ताट वर्षातून एकदा वाढलं जातं.
मी कॅमेरा उचलला.

"नको."
ओरडला नाही. ब्रश खाली ठेवून म्हणाला.

"तोंड तर झाकलंय तुझं."

"तोंड झाकलंय हो.
पण हा रंग आईनं विणलाय.
तीन लोकरी एकत्र करून, कडेची जुन्या शालीतली.
अख्ख्या शहरात हा एकच.
तिला वाटतं, मी थंडीसाठी घालतो.
कॉलेजात जाताना."

सहातली दोन मिनिटं गेली होती.
काळ्या-पांढऱ्यात तो कुणीही असता,
दहांतला एक, शंभरांतला एक, सुखरूप.
डॉन सेवेरो, तुम्ही हे सांगितलं नव्हतं.
की सांगितलं होतं, दुसऱ्या शब्दांत?

"बूट काढायचा असेल तर काढा," तो म्हणाला.
"म्हणजे, फोटो. बुटाचा."
हसला असावा. लोकर जराशी हलली.

मी पाय पेटीवर ठेवला.
सोल दोनदा बदललेला माझा तपकिरी बूट.
त्यानं थुंकी, मेण, फडकं, पुन्हा मेण,
बोटं नखांपर्यंत काळी,
असं काही घोटलं
की टोकावर नखाएवढं आभाळ उगवलं
आणि त्यातून एक लाल ठिपका
डावीकडून उजवीकडे निघाला.

मी पेट्या मोजल्या.
सातवीला बटण दाबलं.
लगेच पट्टी उचलली गेली,
चटई गुंडाळावी तशी,
आणि आमच्या दोघांच्या गुडघ्यांवर थंडी येऊन बसली.

पैसे त्यानं नेहमीइतकेच घेतले.
नाव विचारलं तर म्हणाला, "विल्मर म्हणा."

रोल अजून धुतलेला नाही.
फ्रिजमध्ये आहे, लोण्याशेजारी.
त्या बुटावर वाकून बसलेला तो
आभाळाच्या कडेला थोडासा उमटलाच असेल,
तिळाएवढा मोरपिशी.
दुसऱ्या कुणाला तो डाग वाटेल.
विणणारीला नाही.