निरंक

अधिवेशन आलं की भिंतींना रंग लागतो.
यंदा फिकट हिरवा.
कोराडी रोडवरची ती लांबलचक इमारत,
मागे, धोबीघाट संपतो तिथं,
दोन कुलपांच्या आत विशेष निगराणी कक्ष.
रंग ओलाच होता. माझ्या स्वेटरच्या बाहीला लागला.
बारापात्रे मेट्रन म्हणाल्या, "राकेलनं निघते जी, मॅडम,"
आणि राकेल आता भेटते कुठी, हेही त्याच म्हणाल्या.

मी समितीची अशासकीय सदस्य.
म्हणजे चहा दोनदा विचारतात, मत एकदा.
तीस वर्षं भूगोल शिकवला,
आता खाटा मोजते, नळ सोडून बघते.
सतरा माणसं. सतरा खाटा. एकोणीस ब्लँकेटं.
दोघं पावसाळ्यात गेले.
सुटले असं म्हणता येत नाही; वजा झाले.

शिक्षा सगळ्यांची संपलेली.
कुणाची चार वर्षांमागे, कुणाची अकरा.
वर्धा रोडच्या तुरुंगातून गाडी निघाली
ती अख्खं शहर ओलांडून, पडदे लावून, थेट इथं.
ही शिक्षा नाही, उपचार आहेत,
असं शासननिर्णयात आहे. परिच्छेद तीन.

समुपदेशकाची खुर्ची आहे, टेबल आहे.
खणात कॅलेंडर, मार्चवर थांबलेलं, तीन वर्षांपूर्वीच्या.
दारावर पाटी: मंगळवार, शुक्रवार.
पाटीही रंगवली आहे.

नऊ नंबर, शालिक, वय एकसष्ट.
औषधांची कागदी पाकिटं चिकटवतो.
खळ वाळून बोटांना पापुद्रे सुटलेले.
"बाई, माही तारीख कोन्ती?"
मी बोटांकडे पाहिलं.
पाहिलं म्हणून स्वतःचा राग आला,
मग राग आला याचाही.
मला त्याची कीव आली असं कुणी समजू नये.
मी फाइल वाचली आहे.
पान चौदा एकदाच वाचलं.
हा माणूस आता कसा आहे,
विचारलं डॉक्टरांना.
"सांगता येत नाही," म्हणाले,
"कोणी त्याच्याशी बोललं तर कळंल ना."

अवर सचिव मुंबईहून आलेले,
इथल्या थंडीचं कौतुक करणारे, मफलर नवा.
तारांकित प्रश्नाचं उत्तर त्यांनी टाइप करूनच आणलं होतं.
उपचार सुरू आहेत काय? होय.
नियमित आढावा घेतला जातो काय? होय.
आजवर किती व्यक्तींना मुक्त केले?
निरंक.

काय स्वच्छ शब्द आहे.
जसं कुणी आत्ताच पोतेरं फिरवून गेलं,
पाय ठेवू नका, ओलं आहे.

मी पेन काढलं. समासात लिहिलं:
समुपदेशक, पद रिक्त, छत्तीस महिने.
साहेब रागावले नाहीत. अगदी हळू म्हणाले,
"मॅडम, हे प्रश्नात विचारलेलं नाही."
आणि खरंच, नव्हतं विचारलेलं.
खाली सही केली. माझी सही
अजूनही प्रगतिपुस्तकावरच्यासारखी येते,
पालकांनी भेटावे, अशी.

रात्री फोन.
पेपरात समितीची नावं छापून आली,
तेव्हापासून दर डिसेंबरात येतो.
नाव त्या सांगत नाहीत, मी विचारत नाही.
मागे कुकरची शिट्टी, कुणीतरी टीव्ही बारीक करतं.
"तो अंदरच हाये ना जी?"
"हो."
"यंदा सोडनार नाही ना?"
"नाही."
"मंग पोरीले बलावतो भंडाऱ्याहून. चार दिस राहील.
लय वर्सं झाले, आली नाही इकडे."

मी खोटं बोलले नाही.
फोन ठेवला, गादीवर बसले
आणि बाहीवरचा हिरवा डाग नखानं खरवडत राहिले.
डाग निघाला नाही.
लोकर निघाली.