पंधराशे चाळीसचं पान

फेब्रुवारीनंतर थेंब नाही, एवढं लिहून
मी दौतीवर झाकण ठेवलं. शाईसुद्धा आटत होती.

जूनमध्ये पाणचक्की थांबली.
चाकाच्या आऱ्यांत कोळ्यानं जाळं विणलं
आणि ते महिनाभर शाबूत राहिलं.
वेल्टिन चक्कीवाला पोत्यावर बसून अख्खे गहू चघळायचा,
ऑगस्टात बसल्या जागी गेला.
उन्हानं की रिकामपणानं?
वहीत तसा रकाना नाही.

ऱ्हाइन लोकांनी चालत ओलांडली.
आधी पोरं, मग बकऱ्या,
मग पाद्रीबुवा, झगा गुडघ्यापर्यंत उचलून.
डीबोल्ट नावाडी उपड्या नावेच्या सावलीतून
ज्याला त्याला विचारायचा, "उतारू, पैसे?"
आणि एकटाच हसायचा.

द्राक्षांच्या वेलीवरच मनुका झाल्या.
वाइन इतकी की पिंपं पुरेनात;
एका घागर पाण्याला दोन घागरी वाइन, असा भाव.
सप्टेंबरात डीबोल्टची बार्बेल बाळंत झाली.
सुइणीनं पोरीला वाइननं धुतलं.
बाप्तिस्म्याला मात्र पाणीच लागतं:
तीन थेंब, विहिरीच्या तळातले, फडक्यातून गाळलेले.
नाव अपोलोनिया. अंगाला आंबूस वास.

राजांची लग्नं, पोपची फर्मानं, कुठल्याशा किल्ल्याचा वेढा,
आल्या तशा लिहिल्या. समासात, बारीक अक्षरात.

मग नदीच्या मधोमध, गाळ भेगाळला तिथं,
पोरांना एक नाव सापडली.
नावेखाली टाचेचे खिळे, पट्ट्याचं बक्कल,
आणि उरलं होतं ते.
बक्कल ओटिलीनं ओळखलं.
तिचा थोरला, डीबोल्टचा भाऊ.
एकोणतीसच्या पानावर माझंच अक्षर:
'वेंडेल. परगावी गेला असावा.'

मी म्हटलं, जुनं पान उघडतो, दुरुस्त करतो.
म्हातारी म्हणाली, "खाडाखोड नको.
अकरा वर्षं मी रात्री दाराला आगळ घातली नाही.
तेवढा तो होता.
यंदाच्यात लिही."

लिहिलं. वेंडेलच्या वरच्या ओळीत अपोलोनिया.
पुतणी आणि काका, एकाच पानावर,
शाई दोघांची सारखीच फिकी.

डिसेंबरात नदी परतली.
डीबोल्ट हल्ली मधोमध आला की
वल्हं पाण्याबाहेर उचलून धरतो.
नाव तेवढा पट्टा आपसूक सरकते.
उतारूंना वाटतं, दमला.