नऊ जूनच्या आत

हळदीच्या तोलाईपट्टीच्या पाठीवर
हिशेब मांडलाय. कोपऱ्यात माझ्या अंगठ्याचा पिवळा ठसा.
सांगली ते सातारा, सातारा ते बामणोली,
तिथून बोट, मग जंगल, मग वासोटा.
वैजू म्हणाली, बेरीज खालून कर,
वरून केलीस की दरवेळी शंभर विसरतोस.

एसटीत बायकांना अर्धं.
म्हणजे वैजू अर्धी, मी पूर्ण.
"हो, कागदावर तू पूर्णच," ती म्हणाली.
हर्षलही अर्धा, पण नऊ जूनला त्याला बारा भरतात
आणि कंडक्टर हल्ली ओठावरची लव बघून
आधार कार्ड मागतात.

मुक्काम वैजूच्या मावसबहिणीकडे, करंज्यात.
लॉजचे वाचले, तिला किलोभर हळद.
भाकरी, शेंगादाण्याची चटणी घरची.
बोटवाला फोनवर म्हणाला,
माणशी घेत नाही साहेब, बोटीचं घेतो,
तिघं बसा नाहीतर दहा.
मग तासगावचा मेहुणा धरला, बायकोपोरांसकट,
भाडं फुटलं,
पण तो आला की चिकन आलं.
चिकन, सहाशे, लिहिलं.

सांगलीत चढ म्हणजे आयर्विन पुलाचा.
हर्षल दप्तरात दोन विटा घालून
चार दिवस सकाळी तिथं जाऊन येतोय.

आप्पा यादीत नव्हतेच.
कॉटवर बसून लसूण सोलत होते.
पंच्याहत्तरी झाली की एसटी फुकट,
हे त्यांनीच सांगितलं, कुणाकडेही न बघता.
त्यांचा जन्म एक जूनचा. कागदावर.
गुरुजींनी एका दुपारी अख्ख्या वर्गाला
एकच वाढदिवस वाटला होता.
खरा दिवस फक्त त्यांच्या आईला माहीत,
नाचणीचं रोप लावत होती, एवढंच ती सांगायची.

म्हणजे एक जून ते नऊ जून.
म्हातारा फुकट आणि पोरगा अर्धा,
असे या घराला मिळणारे आठ दिवस.
शिवाय पुढं पाऊस, किल्ला बंद.
कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांमधून वाट काढत
वैजूनं चार तारखेला गोल केला.

आप्पा म्हणाले, मी वर नाही चढणार,
बोटीतच बसतो.
टरफलं तळहातावर गोळा केली, फुंकली नाहीत.
"मधे थांबवतो का रे तो?
पाण्यात. घटकाभर."

धरणाचं पाणी चढलं तेव्हा
आप्पा हर्षलएवढे. अर्ध्या तिकिटाचे.
ट्रकमधून भांडी, शेळी आणि माणसं
खानापूरच्या माळावर उतरली.
त्यानंतर ते तिकडं गेले नाहीत.
आम्ही कधी चला म्हटलं नाही,
आणि पाण्यावर काय दाखवायचं, म्हणून त्यांनीही नाही.

"वरचे पैसे मागत असला तर राहू दे," ते म्हणाले
आणि पुढची पाकळी सोलायला घेतली.

मी लिहिलं, बोट थांबवणे.
पुढं आकडा सुचेना. हे काय दरानं धरायचं,
मिनिटाच्या की खोलीच्या?
जागा कोरी ठेवली.

वैजूनं माझ्या हातातलं पेन घेतलं,
एकदा खालून वर बेरीज केली
आणि स्वतःच्या सख्ख्या भावाच्या
चिकनवर काट मारली.