दीर्घ उकार

पुठ्ठा डबाबंद माशांच्या खोक्याचा होता,
आईनं कारखान्यातून आणलेला, एका कोपऱ्यात तेलाचा डाग.
त्यावर तू निळ्या खडूनं लिहिलंस:
शिक्षण फूकट पाहिजे.
सात वर्षांची होतीस, आयलेन.
फ-ला दीर्घ उकार दिलास.
मी हसले, आणि तसाच नेला मोर्चात.

कोन्सेप्सियोनच्या चौकात त्या दिवशी लिंबं महागली होती.
अर्धं लिंबू रुमालावर पिळून नाकाशी धरायचं,
म्हणजे धूर जरा कमी झोंबतो.
हे हिशेबशास्त्राच्या वर्गात शिकवलं नव्हतं कुणी.
मग पाणी मारणारी गाडी आली.
तिला आम्ही गुआनाको म्हणायचो,
डोंगरातल्या त्या थुंक्या जनावरावरून.
तुझ्या पुठ्ठ्याचा लगदा झाला,
निळा रंग माझ्या बाहीवर उतरला
आणि दोन धुण्यांत गेला.

कायदा झाला तेव्हा
मला पदवी मिळून दोन वर्षं झाली होती.
हप्ते सुरू होते.
बँक माझा वाढदिवस विसरते,
पाच तारीख विसरत नाही.

तुझा अर्ज मीच भरला.
घरात माणसं किती, कमावती किती,
छप्पर कशाचं.
त्या नोव्हेंबरात आईला जादा पाळ्या मिळाल्या
आणि आम्ही तिघी त्या पैशाला घाबरलो:
चार नोटा वर गेल्या
तर गरिबीच्या रेषेतून नाव कटायचं.
नाही कटलं.
उत्तर आलं. भरायची रक्कम: शून्य.
"भोपळा?" आई म्हणाली,
आणि खरंच टेकडी उतरून भोपळा घेऊन आली.
त्याच्या तांबूस पुऱ्या तळल्या,
शेजारच्या दोन्ही घरांत दिल्या.
मी चार खाल्ल्या.
चौथी घशात अडकली, ती का,
ते कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी तू म्हणालीस,
यंत्रं नकोत, मला समुद्रातलं शेवाळ शिकायचंय.
शेवाळ!
मी म्हणाले, "फुकटचं आहे ना, म्हणून सुचतंय."

ऱ्हस्व उकार. अगदी शुद्ध.

आई सुरीला धार लावत होती, ती थांबली.
तू काहीच बोलली नाहीस.
हाच शब्द मी चौकात घसा फुटेस्तोवर ओरडले होते,
डोक्यावर धरून नाचवला होता.
तोच आता तुझ्या अंगावर फेकला,
ओल्या फडक्यासारखा.

तुला कधी सांगितलं नाही:
मला जमिनीच्या पोटातलं शिकायचं होतं.
ज्या वर्षी समुद्र होड्या घेऊन
आपल्या ताल्काउआनोच्या रस्त्यांवर आला,
त्या वर्षी फार वाटलं होतं.
कर्जाच्या खिडकीतला माणूस म्हणाला,
हिशेब घ्या बाई, हप्ता फिटेल.
वाईट नव्हता तो. खोकला झालेला होता त्याला.
मी हप्त्याला विचारून विषय घेतला.

विषय एकदा बदलता येतो, मी नियम वाचलाय.
दुसऱ्यांदा नाही.
आणि वर्ष वाढलं तर पैसे पडतात,
तेवढं लक्षात ठेव.

रविवारी तू मला खडकांवर नेलंस.
कोचायुयोचे लांब पट्टे पाण्यात लोळत होते,
ज्याची भाजी आपण आयुष्यभर नाक मुरडत खाल्ली.
तू एक बूड दाखवलंस, दगडाला घट्ट:
"हे मूळ नाही गं, नुसती पकड आहे.
खाणंपिणं सगळं अंगानं."
पुढे बरंच काही सांगितलंस, मला निम्मं कळलं.
तुझे हात गार पडले होते आणि तुला ते कळलंही नव्हतं.

फोन थरथरला. पाच तारीख.
तू विचारलंस, किती राहिले?
मी आकडा सांगितला.
तू काडीनं वाळूवर लिहिलास, मोठ्यानं अंक म्हणत,
शेवटी एक शून्य जास्त पडलं.
ते मी बुटानं पुसलं.