विधान क्रमांक नऊ

नंदुरबारबाहेर मिरचीच्या पथारीवर
माणसं अंदाजानेच ओळखायची :
नाकातोंडावर फडकी, वर नुसते डोळे.
डोळ्यांतलं पाणी कशाचं,
हा रकाना माझ्या कागदात नव्हता.

प्रश्नावली प्रमाण मराठीत.
प्रत्येक विधानापुढे पाच चौकटी,
पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत.
मधली, ‘सांगता येत नाही’वाली,
देवरे सरांनी मुद्दाम ठेवलेली.
म्हणाले होते, माणसाला पळायला एक वाट असावी.

विधान नऊ :
‘मी माझे निर्णय इतरांकडे न पाहता घेते.’
मी मोठ्याने वाचलं.
देठ खुडणारे हात थांबले.
एकोणीस जणी सुपडाबाईकडे वळल्या.
सुपडाबाईने हातातली मिरची पाटीत टाकली,
म्हणाली, "हाव."
मग ओळीने हाव, हाव, हाव,
पार टोकाच्या रमाणी वळवीपर्यंत,
जिच्यापर्यंत माझा आवाज पोचलाच नव्हता.

मी वीस खुणा केल्या. पूर्ण सहमत.
एका ताडपत्रीवर स्वतंत्र बुद्धीच्या वीस बायका.

मुकादम मागे उभा होता हे मला उशिरा कळलं,
त्याची सावली कागदावर पडली तेव्हा.
मजुरीबद्दलच्या विधानांवर
सगळ्याच समाधानी निघाल्या होत्या.

बघणारा आला की वागणं बदलतं,
पुस्तकात ही एक ओळ आहे. परीक्षेत दोन गुणांना येते.
इथे ती कळायला दुपार झाली :
मी उभी असले की पाट्या भराभर भरत,
मी डबा उघडला की हात पुन्हा आपल्या चालीवर,
आणि कुणीतरी फडकं खाली ओढून
हसून घ्यायचं.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीआड
एकेकीला बोलावलं.
तेच विधान, त्याच चौकटी.
चौघी म्हणाल्या, नाही.
एक जण बोललीच नाही, पदराने हात पुसत राहिली,
त्या हाताने डोळे पुसता येत नाहीत म्हणून.
एकीने विचारलं, काल मी काय सांगितलं होतं?
रमाणी म्हणाली, मधली.
सुपडाबाई कागदाकडे न बघता म्हणाली,
"कोना म्होरे इचारस, ते पहिलं लिख ना बहीन.
मंग मन्हं लिख."

मी ते समासात लिहिलं.
समासाला क्रमांक नसतो.
बेरजेतही तो धरत नाहीत.

धुळ्यात, सरांच्या खोलीत, आम्ही सात विद्यार्थी.
फळ्यावर गृहीतक महिन्यापूर्वी लिहिलेलं,
कुणीतरी त्याच्याभोवती चौकट आखून ठेवलेली,
शेजारी ‘पुसू नये’.
सर म्हणाले, "दुसरा दिवस वगळू.
परिस्थितीच बदलली, तुलना कशी होणार?
काय?"
गिरासेने मान हलवली.
मग भाग्यश्रीने. मग चष्मा पुसता पुसता तिसऱ्याने.
सहावी मान हलली
तेव्हा माझ्याकडे कुणी बघतही नव्हतं.
मुकादम नव्हता.
रोज कापला जाणार नव्हता.
मागे सावली म्हणावी तर खिडकीच्या गजांची.
मी म्हणाले, "हो सर,"
आणि माझ्याच कानाला ते "हाव" ऐकू आलं.

सरांनी गठ्ठा उचलला,
कडा जुळवायला टेबलावर दोनदा आपटला.
कागदांच्या घड्यांतून लाल पूड उठली,
उन्हाच्या पट्ट्यात थोडा वेळ दिसली, मग दिसेना.
सर शिंकले. गिरासे शिंकला.
कुणाची शिंक बारीक, कुणाची पत्रे हलवणारी,
भाग्यश्रीची अर्ध्यातच अडकलेली.
मीही शिंकले, दोनदा.

त्या दुपारी, त्या खोलीत
तेवढं एकच आम्ही
इतरांकडे न पाहता केलं.